एक किलोमीटर

गड्डा उठला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात
कंबर तलावाच्या काठावर कावळे सापडले, सात.
मग दोन ढोकऱ्या. मग विडी घरकुलामागच्या शेडमध्ये
एका रात्रीत चारशे कोंबड्या, तुरे जांभळे पडलेल्या.
भोपाळहून कागद यायला पाच दिवस लागले.
पाच दिवस शहर जेवत होतं.

मी पशुधन खात्यातला परिचर.
साहेबांना नकाशावर वर्तुळ काढायचं होतं,
ऑफिसात कंपास नव्हता.
पोरीच्या पेटीतला नेला. तिनं विचारलं, कशाचं वर्तुळ?
म्हणालो, कोंबड्यांचं.
टोक शेडवर टेकवलं, त्रिज्या एक किलोमीटर.

कागदावर बारीक दिसणारी रेघ
नरसम्मा बोल्लीच्या अंगणातून गेली:
न्हाणी आत, चूल बाहेर, खुराडं नेमकं रेघेवर.
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
कात्री न थांबवता ती म्हणाली,
"माझं कोडी आत हाय का भाईर?"

अकरा होत्या. एकीच्या पायात लाल दोरा.
पांढऱ्या किटमध्ये घाम कानामागून उतरतो
आणि पुसता येत नाही.
तिला मी दिसलोच नसणार, चष्मा तेवढा दिसला असेल.
तरी म्हणाली, "त्या दोरेवालीला हळू धर,
अंड्यावर आलीय."

मैनोद्दीनचं दुकान मात्र पुरतं आत.
ओंडका, मधोमध सुरीनं पाडलेला खळगा,
पाण्याचं पिंप, खिळ्याला टांगलेला कोरडा तराजू.
शनिवारी रात्री कुणी टेम्पोतून सुस्त माल आणला,
निम्म्या भावात, आणि तो त्यानं घेतला.
हे त्यानं आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"पाटी वाचली साहेब.
सत्तर डिग्रीला जंतू मरतंय म्हणं.
गिऱ्हाईकाचं रस्सा रटरटतंय, त्याला काय व्हतंय?
पर माझं हात सत्तर डिग्रीला कवा जातंय?"

पाटी आमच्याच खात्याची. मीच चिकटवलेली.
ती ताटापुरती होती.
ओंडक्याची पाटी कुणी रंगवली नव्हती,
वाफेत तोंड घालून दिवसाला दोनशे पाखरं सोलणाऱ्या
सोळा वर्षांच्या जुबेरचीही नाही.
जुबेर आतल्या खोलीत गोधडीखाली होता.
"थंडीचं हाय," मैनोद्दीन म्हणाला,
मग काही म्हणाला नाही.

मी दोन पावलं मागं सरलो,
अंगात किट असून.
ते त्यानं पाहिलं.

आता मला दहा दिवस गोळ्या, वेगळी खोली.
संध्याकाळी पोरगी दाराबाहेरून ताप विचारते,
गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.
काल शून्य दशांश चार जास्त होता, तो मी सांगितला नाही.
कंपास औषधात बुडवला तर गंजला.
सिव्हिलमधून जुबेरचा कागद अजून यायचाय.

आज दुपारी नरसम्माचा फोन.
पानांच्या गठ्ठ्यामागं एक अंडं निघालं.
पंचनाम्यात अंड्यांच्या रकान्यात
मी तिच्या नावापुढं शून्य लिहिलं होतं.
"उकडून खाऊ का, का तू येतो न्यायाला?"
"हात लावू नका," मी म्हणालो.
"लावला की. लावल्याबिगर कळतंय व्हय
अंडं हाय म्हणून?"

म्हणालो, माणूस पाठवतो, तोवर ठेवा तिथंच.
हात धुवा साबणानं. वीस मोजेपर्यंत.
फोन तिनं बंद केला नाही, नुसता खाली ठेवला.
बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला,
मग ती मोजायला लागली, तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
पदकोंडूपाशी थांबली. म्हणजे अकरा.
पाणी तेवढं सांडत राहिलं.
मी फोन कानाला धरून बसलो.
मग पुढचा आकडा आला.