चालू हालतीत

धुरपताबाईनं पोतं टेबलावर आपटलं.
आधी बाहेर आली एक पाल,
मग मशीन.
"उमरीचं गिऱ्हाईक हाय. दोन हजार देतंय.
पर चालू हालतीत पायजे म्हनलाय."

मागे नारबा, हात पाठीशी,
भोकरच्या स्टँडवर लागलेल्या गाड्यांच्या
पाट्या वाचत उभा.
त्याला ऐकू येत नाही.
चोवीस वर्षं ह्याच मशीननं झाडं कापली.
लाकडं गेली ज्याची त्याच्या घरी,
आवाज तेवढा ह्याच्या कानात बसून ह्याच्या घरी आला
आणि एक दिवस तोही गेला.

अकरा वर्षं माळ्यावर.
खताच्या गोण्या, फुटका पाळणा, आणि हे.

टाकी उघडली.
पेट्रोलात पेट्रोलचं काही उरलं नव्हतं,
तळाला काकवीसारखा थर,
वास जुन्या वार्निशचा.
नळी हात लावताच तुटली.
कार्बोरेटरचा पडदा
पत्र्यावर विसरलेल्या पापडासारखा.
दोरी ओढली, इंचभरही नाही आली.
पिस्टन धरून बसला होता.
प्लग काढून भोकात डिझेल सोडलं,
म्हटलं, बाई, उद्या या.
"म्हंजे मुक्काम?" ती म्हणाली,
आणि पोतं घडी करून मशीनच्या अंगाखाली सारलं.

रात्री क्लचचं झाकण खोललं.
आत भुसा. तेलात भिजून, दबून दबून
पेंडीसारखा झालेला.
पोपडा उचकटला तर आतून पिवळा,
अजून कोरडा.
फेकणार होतो.
वर्तमानपत्रात पुडी बांधून ठेवली,
का ते सांगता येत नाही.

सकाळी पिस्टन सुटला.
नारबानं न विचारता कानस उचलली.
पहिल्या दाताला खडूची खूण,
मग एकेका दाताला तीन हात, पुढच्याच दिशेनं,
एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या.
मी पुडी पुढे केली.
चिमूट नाकाशी नेऊन
"हळदू!" तो म्हणाला, फार मोठ्यानं.
"नाल्याकडंचा. आतून पोकळ निघाला व्हता."
पुडी खिशात घातली, बटण लावलं.

लिटरभर पेट्रोल, चाळीस मिली टूटी. चोक.
सात वेळा ओढली.
आठव्याला मशीन खोकलं.
नवव्याला दोरीनं बोटांवर फटका दिला.
त्यानंतर मोजलं नाही.
खांदा गेला. चहा पिलो.
प्लग पुसला, पुन्हा बसवला, मनातल्या मनात एक शिवी दिली,
आणि लागलं.

आख्ख्या लाइनीनं कान झाकले.
पानपट्टीचा गंगाधर चुन्याची डबी घेऊन बाहेर आला.
नारबानं हँडलवर नुसता तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
"जब्बार, कमी पिऊलालीय."
मी स्क्रू पाव आटा मागे घेतला.
तळवा.
"आनखी."
केसभर आणखी.
मशीनचा घसा मोकळा झाला.

निळा धूर, टेबलावर पाने नाचतायत,
त्यात धुरपताबाई काहीतरी बोलली.
मला फक्त ओठ दिसले. गंगाधरलाही.
कुणालाच काही कळलं नाही.
"हाव," नारबा म्हणाला,
"आठवतंय की."
आणि ती पदर तोंडाशी धरून
उगीच गाड्यांकडे बघायला लागली.

दुपारी उमरीवाला आला.
एक झाड कापून बघू म्हणाला; झाड कुठलं आणणार,
गंगाधरचं मोडकं बाकडं कापलं.
सतराशेवर तुटलं.
मी चारशे मागितले, बाईनं तीनशे दिले,
वर दोन पेरू.

बसमध्ये नारबा खिडकीशी.
गाडी सुरू झाली तसा त्यानं
समोरच्या सीटच्या दांडीवर तळवा ठेवला,
थोडा वेळ थांबला,
आणि ड्रायव्हरच्या पाठीकडे बघून
मान हलवली, नाराजीनं.