चारशे दोन मीटरसाठी सामान

मृणाल, आधी पाणी.
बाटली नव्हे, पाच लिटरचा कॅन.
द्रोणागिरीच्या त्या रस्त्यावर झाड नाही, टपरी नाही,
सावली आहे ती फक्त कंटेनरची,
आणि एक वाजला की तीसुद्धा
कंटेनरच्या पोटाखाली जाऊन झोपते.

टोपी आण. ओढणी चालेल, पण पिन लावून.
पांढरं काही घालू नकोस.
बर्नआउट झालं की हवेत रबर उरतं;
रात्री बेलापूरला घरी जाऊन नाक शिंकरशील
तेव्हा कळेल, किती जणांचे टायर तू घेऊन आलीस.

कानात घालायचे बोळे, मेडिकलमध्ये मिळतात.
माझ्या गाडीला नकोत. ती जुनी टू-स्ट्रोक,
पेणच्या एका दूधवाल्याकडून घेतलेली,
बोक्यासारखी केकाटते, बस.
पण मोठ्या गाड्या सुटतात ना,
तेव्हा बरगड्यांच्या आत काहीतरी
कपाटातल्या भांड्यांसारखं वाजतं.

बूट. सँडल दिसली की हाकलतात.

आणि बसायला काहीतरी.
आम्ही रंगाचे रिकामे डबे नेतो, उलटे.
कारण बसायचंच असतं, हे तुला कुणी सांगणार नाही.
सहाला पोचायचं, तपासणी, नंबर चिकटवणं,
मग रांग, मग कुणाचं तरी ऑइल सांडतं,
मग त्याच्यावर लाकडाचा भुसा, मग झाडू,
मग परत भुसा, आणि भुसेवाल्याचं जेवण.
मागच्या खेपेला बगळा उतरला दोन्ही लेनच्या मधोमध.
भोंगा वाजवला, झेंडा हलवला,
तो मान वळवून बघत राहिला
उशिरा आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा.
वीस मिनिटं गेली.
बाबा म्हणाले, त्याला नका हाकलू, तो जुना हाय.

माझ्यासाठी काही आणणारच असशील
तर झिप टाय, आणि बनियनच्या जुन्या चिंध्या.
पाने आहेत. हवेचं मीटर गजाननचं आहे,
ते खोटं बोलतं, पण रोज एकच खोटं, म्हणून चालतं.

खायला भाजी-पोळी नको, हाताला ग्रीस असतं.
केळी. उकडलेली अंडी, सोललेली.
भाकरी न् सुकट आई बांधून देतेच,
वासाचं तुझं तू बघ.
लिंबं आण डझनभर. साखर. मीठ.

मीठ म्हटलं की बाबा हसतात.
रस्ता आहे त्याच्या खाली त्यांचं मिठागर होतं.
स्टार्टचे दिवे उभे करतात तिथे कुठेतरी उघाडी,
भरतीला बंद करायची, रात्री बॅटरी घेऊन.
पहिल्या वेळी ते आले आणि शर्यत सोडून
रस्त्याच्या कडेनं चालत सुटले, पावलं मोजत,
दिव्याच्या खांबांशी थांबत,
हा माझा, हा दामूचा, हा परत माझा.
आणि मी सरबताला पिशवी फोडली,
आयोडीनयुक्त, एक किलो.
त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं.
काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बारीक हाय.

माझी वेळ तेव्हा पंधरा पूर्णांक दोन.
चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा शोधला, वाचली,
उलटून मागची बाजूही वाचली.
यवऱ्यासाठी अख्खा दिस?
मी म्हटलं, हो.
थोड्या वेळानं: मिठाचं पन तसंच.
अख्खा उन्हाळा, न् हातात येतं यवरंसं.

या वेळी पंधराच्या आत यायचंय.
क्लच नवा आहे. झोप नाही.

तू स्टार्टपाशी उभी राहू नकोस,
सगळे तिथेच राहतात, मोबाइल वर करून,
धुरात काही दिसत नाही.
पुढे चालत ये, जिथे गाड्या हळू होतात,
जिथे हेल्मेटच्या काचा वर जातात.
बाबा तिथे डब्यावर बसलेले असतील.
कोण जिंकलं ते त्यांना विचारू नकोस,
त्यांचं लक्ष नसतं.

आणि बघ, विसरलेच होते,
लिंबं कापायला सुरी.