बोलती भूमिका

फाइल निळी, रबरबँडला दोन गाठी.
आत आधार, शाळेचा दाखला, सहा फोटो:
समोरून, डावीकडून, उजवीकडून.
फोंड्याचा फोटोवाला म्हणाला, काजळ पुसून या.
पुसलंच होतं. आदल्या रात्री सावईवेऱ्याच्या मांडवात
मी दुःशासन होतो. ते तीन दिवस जात नाही.

युनियनच्या अर्जात एक रकाना आहे:
बोलत्या भूमिका किती. पुरावा जोडावा.

पंचवीस वर्षं जत्रेला बोलतोय मी.
एकदा दीड पानाच्या स्वगतात लाइट गेली,
पेटी थांबली, मी थांबलो नाही.
दिवे आले तेव्हा समोरचे लोक
तोंडाशी नेलेले चणे तसेच धरून.
याचा पुरावा कोण देणार?
प्रॉम्प्टर गोपीनाथमास्तर वारले.
देवळात पावती मिळते ती नारळांची.

सिनेमात मी सात वेळा वेटर झालो.
एकदा पाद्री, पाठमोरा.
एकदा लग्नाच्या गर्दीत, आवाज न करता टाळ्या:
तळवे भेटायच्या आधीच परत फिरवायचे.
घरी सुलक्षाला करून दाखवल्या.
ती म्हणाली, तुमचा रोजही असाच वाजतो.

मग रायबंदरच्या धक्क्यावरची ती ओळ मिळाली.
नायक धावत येणार,
मी खांद्यावर पोतं घेऊन, त्याच्याकडे न बघता:
'फेरी गेली.'
मिनीन म्हणाला, बोललास की पत्र,
पत्र मिळालं की कार्ड,
कार्ड मिळालं की वेटर दुसरा कोणी तरी.

दोन शब्द. पण गेली म्हणजे कशी?
लाइट गेली, तशी?
की थोरली बहीण बहारीनला गेली तशी,
दाबोळीच्या काचेपलीकडे
मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी हात करत?
पाण्याचे मीटर वाचत फिरायचो आणि पुटपुटायचो.
बेतकीला एक बाई म्हणाली,
फेरीचं राहू दे, नळाला पाणी कधी ते सांग.

पहिला टेक. मी म्हटलं, 'फेरी गेली.'
मागून टोपलीवाली, जी सिनेमात नव्हतीच:
'खंय गेली? हांगाच आसा न्ही!'
खरंच होती. एक स्कूटर अजून चढत होती.
दुसऱ्याला ऊन गेलं.
पाचव्याला नायकाची चप्पल.
नवव्याला फेरी खरोखर गेली,
मांडवीच्या मध्यावर पोचली,
आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो.
दीड पान कधी विसरलो नाही, दोन शब्द विसरलो.
कोणी ओरडलं नाही. त्याचं जास्त लागलं.

अकराव्याला म्हटलं. कसं, ते सांगता येत नाही.
आवाज घेणाऱ्या पोरानं एका कानावरचा हेडफोन सरकवून
माझ्याकडे पाहिलं.

पत्र जनरेटरच्या गाडीवर ठेवून लिहिलं,
धडधडत्या पत्र्यावर अक्षरं थरथरलेली.
विश्राम गावडेचं विश्वास झालं होतं;
विश्वास खोडून विश्राम केलं, बाजूला सही.
जाता जाता मिनीन म्हणाला,
आवाज तुझाच ठेवतील असं नाही हां, मुंबईत डब करतात.
पण पत्र चालेल.

फाइल कुरियरनं अंधेरीला गेली, त्याला सात आठवडे झाले.

काल चोडणला जायचं होतं,
जत्रेचे मुकुट परत करायला, पोत्यात घालून.
धक्क्यावर तीच टोपलीवाली.
फेरी नुकतीच सुटलेली, पाणी अजून हलत होतं.
तिनं मला ओळखलं, पोत्याकडे पाहिलं,
टोपली खाली ठेवली
आणि काही न बोलता वाट बघत थांबली.

मग म्हटलं मी.