ठिबकखाली

सावद्याच्या पलीकडे, केळीच्या बागेत,
उंदरांनी ठिबकची नळी कुरतडली होती
तेवढी वीतभर जमीन ओली.
बाकी सगळीकडे चव्वेचाळीस अंश.
सुभान तडवी गुडघ्यावर बसला,
पालापाचोळ्यात हात घातला नि म्हणाला,
हा घ्या मॅडम, तुमचा पेशंट.

चामखीळ येते, आई म्हणायची.
बेडकाला शिवलीस? हात धू वं पोरी, राखेनं धू.
तिला कसं सांगू, की मी आता त्याचंच अंग धुते
आणि ते पाणी उणे वीसवर जपून ठेवते,
वर तारखेची चिठ्ठी.

जळगावात, दुसऱ्या मजल्यावर,
इन्व्हर्टर कुंथत असताना
त्याच्या पाठीला दोन तारा टेकवते.
पोरं जिभेला लावून बघतात, तेवढीच वीज.
तो ओरडत नाही.
पाठीवर फक्त निवळीसारखं काही उमटतं.
भीतीतून औषध पाझरतं
हे पुस्तकात होतं; हाताला माहीत नव्हतं.

यंत्र ते पाणी वेगवेगळं करतं.
कागदावर सातपुड्याची रेघ उठते,
अकराव्या शिखरात तो असतो:
चोवीस अमिनो आम्लं.
या ओळींपेक्षा फार मोठा नाही.

भिंगाखाली लिशमॅनिया.
एकशेपटे, सतत घाईत,
भुसावळच्या पुलावर गाडी लागलीय असे.
मी त्यांच्यात एक थेंब सोडला
आणि घड्याळ लावलं.
चौथ्या मिनिटाला कुणीतरी अडखळलं.
नवव्याला सगळ्या शेपट्या
उन्हात टाकलेल्या सुतळीसारख्या.
त्यांच्या अंगाला भोकं पडली होती, इतकंच.
मी एकटीच हसले, मोठ्यांदा.
शिपाई डोकावून गेला.

मग रीतीप्रमाणे रक्त.
माझंच घेतलं, दुसरं कुठून आणणार.
तासाभरानं नळीतलं पाणी गुलाबी.
माझ्याही पेशी फुटल्या होत्या.
अत्तरदे मॅडमनी नळी खिडकीसमोर धरली,
बराच वेळ धरली.
मारतो खरा, त्या म्हणाल्या, ओळखत नाही.

हिलालमामा आठवला.
पालच्या घरात, सात गोधड्यांखाली
खाटेसकट थरथरणारा.
हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो,
आतून कडी लावून जेवत बसतो.
त्याला हुसकायला घरच पाडावं लागलं तर?
मामी दाराशी चुलीवर पाणी तापवत होती.
तिला हा प्रश्न कुणी विचारला नाही.

वहीत लिहिलं: चौदाव्या जागचं लायसिन
बदलून पाहणे.
खाली रेघ मारली. मग खोडली. मग परत मारली.

नियम असा, की जिथून आणला तिथेच सोडायचा.
सातव्या दिवशी गेलो तर
मालकानं नळी बदललेली.
नवी, काळीकुळकुळीत, कुठे थेंब नाही.
वीतभर जागेला भेगा.
डब्यात त्याचा गळा
वरखाली होत होता.

सुभाननं इकडेतिकडे पाहिलं.
बांधावरच्या बाभळीचा एक काटा मोडला,
नळी अंगठ्यानं चाचपली,
आणि जिथे वाकते तिथे
हळूच टोचला.

मालकाला बोलू नका, म्हणाला.
आम्ही दोघं उकिडवे बसून
माती काळी व्हायची वाट पाहत राहिलो.