मोहरीच्या अलीकडे

उतार टाळा, म्हणाले डॉक्टर,
कर्वे रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट बंद होती त्या दिवशी.

म्हणून आता मी गाडी चालवते.
चढणारे चढतात, मी त्यांना वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडते:
भाची शर्वरी, तिचे दोन कमी बोलणारे मित्र,
दोराची वेटोळी, कॅरॅबिनरांची किणकिण,
आणि धायरी फाट्यावर पहाटे चारला घेतलेले
बारा बनपाव.

पाबे घाट त्यांच्या झोपेत गेला.
वेल्ह्यात चहा. त्यापुढे डांबर
आधी कडेनं कुरतडलेलं,
मग एका वळणावर,
बोलता बोलता माणूस उठून जावा, तसं
संपलंच.

खाली उतरले. पुढच्या चाकांचे हब
हातानं फिरवले. जुनी गाडी आहे,
आतून बटण दाबून तिला काही कळत नाही.
काडीनं टायरांची हवा सोडली,
कानानं मोजत.
मग छोटी दांडी मागं ओढली
आणि इंजिनाचा आवाज बदलला,
घाई सोडून दिलेल्या माणसासारखा झाला.

आता ब्रेकला हात-पाय काही लावायचा नाही.
पहिल्या गिअरात तिची तिला चालू द्यायची.
डावं चाक वर, उजवं घळीत,
डोकं चौकटीवर, मागे कुणाचं तरी "आई गं",
कारवीच्या वाळल्या काठ्या
दारांवर नखं ओढतायत.
ओढू देत. रंग कधीचाच गेलाय.

ओढ्याच्या अलीकडे ती उभी होती.
डोक्यावर रेशनचं पोतं, हातात चपला.
गाडी थांबवली, तर आधी बॉनेटकडे बघितलं,
मग माझ्याकडे. "बाईच हाय की!"
आणि पुढच्या सीटवर बसली,
पोतं लेकरासारखं मांडीवर घेऊन.
भागूबाई ढेबे. मोहरीच्या अलीकडची वस्ती.

ओढा ओलांडला, आणि पुढं ती चढण,
गेल्या पावसाळ्यानं मधोमध फाडलेली.
मी नुसतीच बघत थांबले.
"मधनं नगं," ती म्हणाली,
"डावं चाक त्या काळ्या धोंड्यावर घे. त्यो हलत न्हाई.
पांढरा दिसतुया ना, त्यो हलतुया.
दोनदा पाय मुरगाळलाय माझा."

काळ्यावर घेतलं.
गाडीनं तोंड वर केलं. काचेत
रस्ता नाही, झाड नाही, नुसतं निळं,
आणि त्या निळ्यात वायपरची एक काडी.
मग नाक खाली आलं.
रस्ता होता.

मागच्या सीटवर फोनमध्ये नकाशा उघडा होता.
त्यात हे सगळं म्हणजे एक करडी रेघ,
तीही सरळ.

पोरं गेली. "आत्या, चारपर्यंत येतो."
कड्याकडे जाणारी पायवाट
मला इथून शंभरेक पावलं दिसते,
पुढची पाठ आहे.

गाडी उताराकडे तोंड करून लावली.
चाकापुढं दगड लावायचा होता, वाकता येईना,
पायानंच ढकलत होते,
तर भागूबाईनं पोतं ठेवलं आणि दगड लावला.
"जाताना काढून टाक बाजूला.
गाडीवाले लावत्यात आन् तसंच निघून जात्यात.
अंधारात आमाला ठेच लागती."
मग तिच्या घरी चहा. दूध फार, पावडर नावाला.
पैसे काढले, तर रागावली.

चारचे साडेपाच झाले.
तिघं आली, खरचटलेली, हसणारी,
बसल्या बसल्या पेंगायला लागली.
हँडब्रेक ओढून मी पुन्हा उतरले.
"आत्या, मी काढते ना," शर्वरी अर्धवट झोपेत.
नको.
गुडघ्यातलं स्टील करकरलं. एक हात मडगार्डवर,
दुसऱ्यानं दगड ओढत ओढत
वाटेबाहेर नेला,
कारवीच्या बुडख्याला टेकवून ठेवला.

मग हब तपासले, दिवे लावले.
पुढं सगळा उतारच होता.