मुक्काम पोस्ट

दर तिसऱ्या मंगळवारी पुस्तकांची गाडी घेऊन
मी हायलंडच्या टोकाला जातो.
ईशबेल मॅकास्किलनं पुस्तक परत केलं,
नवं घेतलं नाही.
"एप्रिल लागला," म्हणाली.
इथं तेवढं पुरतं.
हिवाळ्यापुरतं भाड्यानं मिळालेलं कॉटेज आता पाहुण्यांचं.
तिथल्या चादरी अजून तीच बदलते,
उशीवर चॉकलेट ठेवते,
आणि धक्क्यामागं मोटारीत झोपते,
पोराच्या पायाशी कुत्रं.

कौन्सिलचं ऑफिस सत्तर मैल.
फोनला रेंज फक्त चर्चच्या भिंतीपाशी.
म्हणून फॉर्म मीच छापून आणलेला.
थर्मासच्या झाकणात चहा ओतला,
कादंबऱ्यांना टेकून लिहायला बसलो.
नाव. जन्मतारीख. पत्ता.
तिनं पेन खाली ठेवलं.
"घर नाही म्हणून अर्ज,
आणि कुठलं घर ते सांगा?"

मग मी माझा पत्ता लिहिला.
नियमात बसतं का, ठाऊक नाही.
पोरगं म्हणालं, म्हणजे आम्ही तुझ्याकडे राहणार?
नाही रे. फक्त तुमची पत्रं.

तेव्हापासून दारातलं टपाल चाळतो:
वीजबिल, बियाण्यांचा कॅटलॉग.
काल एक जाडसर पाकीट, तिच्या नावाचं.
मंगळवार अजून नऊ दिवसांवर.
पेट्रोल भरून आलो.