डावं-उजवं

मी काजं करते. दिवसाला अकरा, फार तर बारा,
रेशमी दोऱ्यानं, खिडकीपाशी.
कोट कोणाचा, कोणत्या घाटाचा, ते लिबोरियो मास्तर जाणोत.
पण पंचेचाळीस वर्षं एका खोलीत बसलं
की कापडही बोलायला लागतं.

मास्तर म्हणायचे, इंग्रज कोट शिवत नाहीत, बांधतात.
खांद्यात कापूस, छातीत घोड्याचे केस.
आत माणूस नसला तरी उभा राहतो,
पहारेकऱ्यासारखा.
अमेरिकन म्हणजे पोतं, कमरेशी ओळखच नाही,
बसायला बरा, जेवायला त्याहून बरा.
रोमवाले कमरेत इतका आवळतात
की श्वास आधी मंत्रालयातून मंजूर करून घ्यावा.
आणि आपला, नेपल्सचा?
आपला कोट म्हणजे सदराच, जरा शहाणा झालेला.
अस्तर अर्धं, कापूस शून्य,
बाही मुंढ्यात बारीक चुण्यांनी बसवलेली.
खांद्यावरून असा उतरावा
जसं पायऱ्यांवरून मांजर.

कातेल्लो बंदरावरचा हमाल.
मुलाचं लग्न लीड्सला, व्याही वकील.
टोपी हातात चुरगाळत म्हणाला,
"मास्तर, इंग्रजी शिवा.
खांदे असे सरळ, की ह्यानं जन्मात काही उचललं नाही
असं वाटलं पाहिजे."

मास्तरांनी टेप टाकली.
उजवा खांदा दोन बोटं खाली.
तीस वर्षं कॉफीची पोती, त्याच बाजूला.
आकडे ते नेहमी मोठ्यानं सांगत, मी वहीत लिही.
तो आकडा सांगितला नाही.
वही ओढून घेतली
आणि एक तिरकी रेघ मारली.

खांद्यात कापूस माग, म्हणून
मास्तरांनी एका मंत्र्याच्या भावाला
जिन्यापर्यंत पोचवलं होतं.
गिऱ्हाइकांत त्यांनी डावं-उजवं कधी केलं नाही.
केलं ते त्या एकदाच.

सकाळी आले तर टेबलावर
कापसाचे सात पापुद्रे, हातानं विंचरलेले,
कडेला विरत गेलेले.
फक्त उजवीकडे. डावीकडे काही नाही.
बाह्या मात्र दोन्ही आपल्याच, चुण्यांच्या.
"हा इंग्रजी?" मी विचारलं.
"कोणी विचारलं तर इंग्रजी,"
म्हणाले, आणि इस्त्रीवर पाण्याचा थेंब उडवून पाहिला.

कातेल्लो आरशापुढे बराच वेळ उभा.
वळला नाही, बटण लावलं नाही.
उजवा खांदा तेवढा एकदा उचलला, सोडला,
पोतं आहे की गेलं, बघावं तसा.
पैसे चार हप्त्यांत दिले.
शेवटचा हप्ता माशांत.

लग्नाच्या फोटोत म्हणे तो व्याह्याच्या खांद्याला खांदा लावून होता.
मी पाहिला नाही. त्याची बायको इम्माकोलाता सांगायची.
तो गेला तेव्हा तिनं त्याला स्वेटर घालून पुरलं,
कोट ठेवून घेतला.

मागच्या मंगळवारी मुलगा आला, साव्हेरियो,
प्लास्टिकच्या पिशवीतून कोट घेऊन.
दुकान आता मास्तरांच्या पुतण्याचं.
"बाबांचा आहे. मला बसवून द्या."
दोन्ही खांदे सारखे,
खुर्चीत बसून मिळवणाऱ्या माणसाचे.
मग म्हणाला, "ह्यात चूक राहिली आहे बघा,
एकाच बाजूला जाड लागतं."

उसवायचं काम माझं नाही.
तरी कात्री मीच घेतली.
म्हटलं, "हो."
म्हटलं, "चूक नाही ती."
पुढचं सांगणार, तोच त्याचा फोन वाजला.
इंग्रजीत बोलत बोलत तो जिन्यात गेला.

सात पापुद्रे निघाले, घामानं पिवळे,
तळहातावर ठेवले तर ठेवलेत असं वाटेना.
पुतण्या म्हणाला, टाका ते.

टाकले नाहीत. शिवून घेतले एका चिंधीत.
सुया टोचायला बरे पडतात.